वॉर्सातला शोपेनचा पुतळा: एका स्मारकाला काम कसं मिळालं

पोलंडची राजधानी वॉर्सा, तिथल्या वाझ्येन्की पार्कमधल्या शोपेन ह्या पियानिस्ट-संगीतकाराच्या पुतळ्याबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं. नुसतं "बघून आलो, भारी आहे" एवढंच नाही, सगळं प्रकरण पहिल्यापासून मांडायचं होतं, कारण हा पुतळा उभा राहायलाच कितीतरी वर्षं गेली, मग तो चौदा वर्षंसुद्धा टिकला नाही, मग अठरा वर्षं ती जागा पुतळ्याविना होती, आणि आज जो दिसतो तो परत ओतलेला आहे. म्हणजे शेवटी कॉपीच. तरी त्या कॉपीपाशी उन्हाळाभर दर रविवारी माणसं येऊन बसतात, पोरं घेऊन, म्हातारी माणसं काठ्या टेकत, आणि कुणी जयंतीचा हार घालायला आलेलं नसतं, सगळे ऐकायला आलेले असतात. हे कसं झालं हा माझा प्रश्न आहे.

आधी नावाचं सांगतो. फ्रेंच लोक शोपँ म्हणतात, पोलिश लोक शोपेन, आणि पुतळा वॉर्साचा आहे म्हणून मी शोपेनच लिहितोय. जन्म 1810 चा, वॉर्सापासून थोड्या अंतरावरच्या झेलाझोवा वोला ह्या गावात, बालपण आणि शिक्षण सगळं वॉर्सात, आणि नोव्हेंबर 1830 मध्ये विशीतच तो शहर सोडून गेला तो परत कधीच आला नाही. त्याच महिन्याच्या शेवटी, 29 तारखेला, वॉर्सात रशियन सत्तेविरुद्ध उठाव झाला, तो चिरडला गेला आणि ह्याचं उरलेलं आयुष्य पॅरिसमध्ये गेलं. 17 ऑक्टोबर 1849 ला तिथंच वारला. शरीर पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत आहे, हृदय मात्र त्याच्या बहिणीने, लुद्विकाने, वॉर्साला आणलं आणि ते होली क्रॉस चर्चच्या खांबात ठेवलेलं आहे. माणूस आला नाही पण हृदय आलं, एवढं एक लक्षात ठेवा म्हणजे पुढच्या गोष्टीत लोक इतके हळवे का आहेत ते कळेल.

आता पुतळ्याचं. शोपेन गेला तेव्हा पोलंड नावाचा देशच नकाशावर नव्हता, 1795 मध्ये रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने तो वाटून घेतला होता आणि 1815 पासून वॉर्सा रशियाच्या ताब्यात होतं. त्यामुळे वॉर्सात एखाद्या पोलिश माणसाचा पुतळा उभारायचा म्हणजे रशियन झारची परवानगी काढायची. शोपेनसारखा माणूस तर त्यांना जास्तच नकोसा, कारण त्याच्या संगीतात शब्द नाहीत, सेन्सॉर काय खोडणार? जर्मन संगीतकार शुमानने 1836 मध्येच लिहून ठेवलं होतं की ह्या माझुर्कांमध्ये काय दडलंय हे झारला कळलं तर तो हे संगीतच बंद करून टाकेल, शोपेनचं संगीत म्हणजे फुलांखाली लपवलेल्या तोफा. माझुर्का म्हणजे माझोव्ह्या भागातल्या खेड्यातला नाच, वॉर्सा त्याच भागात येतं, आणि शोपेनने अशा पन्नासहून जास्त माझुर्का पियानोसाठी लिहिल्या. पॅरिसच्या हवेल्यांमध्ये बसून तो आपल्या गावाकडचा ठेका वाजवत राहिला.

1863 च्या उठावाच्या वेळी रशियन सैनिकांनी वॉर्सातल्या झामोयस्की पॅलेसच्या खिडकीतून त्याचा पियानो खाली रस्त्यावर फेकला होता. माणूस मरून 14 वर्षं झाली होती तरी त्याच्या वाद्यावर राग निघाला. एक गोष्ट मात्र सांगायलाच पाहिजे, शोपेनचं पहिलं स्मारक 1894 मध्ये झेलाझोवा वोलाला उभं राहिलं त्याच्यामागे धडपड केली ती मिली बालाकिरेव्ह ह्या रशियन संगीतकाराने. सत्ता एकीकडे आणि संगीतवाले एकीकडे, असं तेव्हाही होतं. वॉर्सा शहरातल्या पुतळ्यालासुद्धा वाट मिळाली ती एका गायिकेमुळे, आडेलायदा बोल्स्का, पीटर्सबर्गच्या शाही ऑपेरात गाणारी पोलिश बाई, तिने खटपट करून झारची परवानगी मिळवली. मग कमिटी, वर्गणी, स्पर्धा, आणि टार्गेट ठरलं 1910, म्हणजे जन्मशताब्दी.

स्पर्धा जिंकली वात्स्वाव शिमानोव्स्कीने. (कारोल शिमानोव्स्की नावाचा मोठा संगीतकार वेगळा, आडनाव एकच असल्यामुळे गोंधळ होतो.) ह्या शिमानोव्स्कीचं डिझाईन 1907 च्या आसपासचं, आणि ते बघून शहरात वादच पेटला. का पेटला हे पुतळ्यासमोर उभं राहिलं की कळतं. तेव्हा लोकांना सवय होती ती उंच चौथऱ्यावर कोट घालून उभ्या असलेल्या माणसाची, हातात कागदाची गुंडाळी, बाजूला एखादी देवी. इथं शोपेन बसलाय, एका झाडाखाली, डोकं वळवून काहीतरी ऐकतोय असं वाटतं, आणि ते झाड वाऱ्याने पार एका बाजूला वाकून त्याच्या डोक्यावरून गेलंय. पियानो नाहीच. झाड विलोचं, आपल्याकडे नदीकाठी वाळुंज असतो त्याच्या नात्यातलं, माझोव्ह्याच्या सपाट मुलखात रस्त्याकडेला बुंध्यापर्यंत छाटलेले विलो ओळीने दिसतात, ते तिथलं अगदी घरचं झाड. आणि नीट बघितलं तर त्या वाकलेल्या फांद्यांचा आकार पियानोवर पडायला निघालेल्या हाताच्या बोटांसारखा आहे. म्हणजे पियानो दाखवला नाही पण वाजवणं दाखवलं.

मला स्वतःला हे डिझाईन पहिल्यांदा फोटोत बघितलं तेव्हा जड वाटलं होतं, झाडच माणसाला गिळतंय असं. त्या काळच्या टीकाकारांना काय खटकलं असेल ते मी समजू शकतो. प्रत्यक्षात मात्र त्याच्यासमोर गोल तळं आहे, ओस्कार सोस्नोव्स्की ह्या आर्किटेक्टने आखलेलं, आणि तळ्यामुळे तुम्ही पुतळ्याच्या पायाशी जाऊच शकत नाही, लांबूनच बघावं लागतं, आणि लांबून झाड आणि माणूस मिळून एकच आकार होतो. ब्राँझ काळपट हिरवट, मागे खरी झाडं. फोटोत हे अंतर येत नाही म्हणून फोटोवरून मत बनवू नका.

तर वाद चालू राहिला, 1910 निघून गेलं, 1914 ला महायुद्ध सुरू झालं आणि काम राहिलंच. 1918 मध्ये पोलंड परत स्वतंत्र देश झाला. तेव्हा प्रश्न असा होता की झारच्या काळात, झारच्या परवानगीने, जुन्या स्टाईलमध्ये केलेलं डिझाईन आता स्वतंत्र देशात कशाला. आर्ट नूव्हो, म्हणजे ह्या डिझाईनमधल्या वळणदार रेषांच्या स्टाईलची फॅशन तोवर संपली होती. तरीही तेच डिझाईन घेतलं, ओतकाम फ्रान्समध्ये करून घेतलं आणि 14 नोव्हेंबर 1926 ला पुतळ्याचं अनावरण झालं. शिमानोव्स्की तोपर्यंत 67 वर्षांचा झाला होता. चार वर्षांनी, 1930 मध्ये, तो वारला, म्हणजे पुतळा उभा राहिलेला बघितला आणि पडलेला बघावा लागला नाही, ह्याचं मला त्याच्यासाठी बरं वाटतं.

जागा कुठली निवडली हेही महत्त्वाचं आहे. वाझ्येन्की म्हणजे शेवटचा पोलिश राजा स्तानिस्वाव आउगुस्त पोन्यातोव्स्कीचं उन्हाळी निवासाचं पार्क, 76 हेक्टर, मोर आहेत, लाल खारी आहेत ज्या हातातून दाणे घेतात. पुतळा आहे वरच्या बाजूला, उयाझ्दोव्स्की रस्त्याला लागून, शेजारी बेल्वेदेर राजवाडा. 29 नोव्हेंबर 1830 च्या रात्री उठाव करणाऱ्या तरुणांनी हल्ला केला तो ह्याच बेल्वेदेरवर. म्हणजे ज्या उठावाच्या बातमीने शोपेन परदेशात असताना हादरला, त्या उठावाच्या पहिल्या जागेपासून हाकेच्या अंतरावर त्याचा पुतळा बसवलाय. पुढच्याच वर्षी, 1927 मध्ये, वॉर्सात शोपेन पियानो स्पर्धा सुरू झाली, जी आज जगातल्या सगळ्यात मानाच्या स्पर्धांपैकी एक आहे.

आता मोडतोडीचा भाग. 1 सप्टेंबर 1939 ला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. वॉर्साला वेढा पडला आणि 23 सप्टेंबरला पोलिश रेडिओवर व्वादिस्वाव श्पिलमान हा पियानिस्ट शोपेन वाजवत होता, ते रेडिओवरचं शेवटचं लाइव्ह वाजवणं ठरलं, त्यानंतर स्टेशन बंद पडलं. जर्मन ताबा आल्यावर शोपेन जाहीरपणे वाजवायला बंदी आली. लोक घरात, बंद दाराआड वाजवत राहिले, छोट्या छोट्या चोरून केलेल्या मैफली, पकडले गेले तर काय होईल ते माहीत असताना.

आणि 31 मे 1940 ला त्यांनी हा पुतळा उडवला. वॉर्सात जर्मनांनी पाडलेला हा पहिला पुतळा. ऑर्डर गव्हर्नर हान्स फ्रांकची होती असं सांगतात. तुकडे करून ब्राँझ भंगारात नेलं. हे वाचताना मी थांबलो, कारण शहरात राजांचे पुतळे होते, सेनापतींचे होते, तरी पहिला नंबर पियानो वाजवणाऱ्याचा लागला. 1836 मध्ये शुमान जे म्हणाला होता ते ह्या लोकांना बरोबर कळलं होतं. आणि दुसरीकडे ह्याच फ्रांकने 1943 मध्ये क्राकूवला शोपेनवर प्रदर्शन भरवलं, शोपेन मुळात जर्मन वंशाचाच असं दाखवायचा प्रयत्न चालला होता. म्हणजे पुतळा फोडायचा आणि माणूस मात्र आपला म्हणायचा.

वॉर्सात एक गोष्ट सांगतात की पुतळा पाडल्याच्या दुसऱ्या दिवशी तिथं हाताने लिहिलेली पाटी सापडली, शोपेनच्या तोंडी, की मला कुणी पाडलं ते माहीत नाही पण का पाडलं ते माहितीये, तुमच्या पुढाऱ्याच्या मयताला मी फ्यूनरल मार्च वाजवू नये म्हणून. शोपेनच्या दुसऱ्या सोनाटातला तो मार्च जगभर अंत्ययात्रेत वाजतो. पाटी खरोखर लागली होती की नंतर गोष्ट तयार झाली ह्यात मी पडत नाही, ती गोष्ट लोक आजही सांगतात हे मी स्वतः ऐकलंय.

युद्ध संपलं तेव्हा वॉर्साचा जवळजवळ 85 टक्के भाग जमीनदोस्त झालेला होता. शोपेनचं हृदय जर्मनांविरुद्धच्या 1944 च्या उठावाच्या काळात चर्चमधून बाहेर काढलेलं होतं, ते 17 ऑक्टोबर 1945 ला, त्याच्या पुण्यतिथीला, शहरात परत आणलं. घरं नाहीत, पाणी नाही, पूल नाहीत, आणि लोकांनी पहिल्याच वर्षी हृदय परत आणण्याचा सोहळा केला. पुतळ्याच्या चौथऱ्यावर जो मजकूर कोरलाय त्याच्यावर तारीख 17 ऑक्टोबर 1946 आहे, परत पुण्यतिथीच, आणि मजकूर सरळ आहे: 31 मे 1940 ला जर्मनांनी मोडलेला आणि लुटलेला शोपेनचा पुतळा राष्ट्र परत उभारत आहे. दुसरीकडे कवी मित्स्क्येविचच्या ओळी आहेत, भावार्थ असा की आग चित्रातला इतिहास खाऊन टाकेल, तलवारवाले चोर खजिना लुटतील, पण गाणं वाचेल. कविता 1828 ची आहे, पण 1940 मध्ये जे झालं तेच लिहून ठेवल्यासारखी वाटते.

प्रत्यक्ष पुतळा मात्र उभा राहिला 11 मे 1958 ला. मागे राहिलेल्या नमुन्यांवरून आणि फोटोंवरून पूर्वीसारखा तंतोतंत केला. इथं एक निर्णय आहे ज्याच्यावर मी बराच विचार केला. 1958 मध्ये कुणीही म्हणू शकलं असतं की हे डिझाईन पन्नास वर्षांपूर्वीचं आहे, आता नवीन काळ, नवीन शिल्पकार घ्या, नवीन पुतळा करा. कलेच्या दृष्टीने ते म्हणणं चूक नव्हतं. पण माझ्या मते नवीन पुतळा केला असता तर पाडणाऱ्यांचं काम अर्धं तरी यशस्वी झालं असतं, कारण त्यांना तोच पुतळा नको होता, तेच झाड, तोच वारा. ज्या डिझाईनवर शहर पूर्वी भांडलं, ज्याला जुनाट म्हटलं, तेच परत मागितलं. हरवल्यावरच ते शहराचं स्वतःचं झालं असावं.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कॉपी जिवंत कशी राहिली. माझं उत्तर 1959 मध्ये आहे. अनावरणानंतर वर्षभरात पुतळ्यापाशी पियानो आणून रविवारी कॉन्सर्ट सुरू केल्या आणि त्या आजतागायत चालू आहेत. मे महिन्याच्या मध्यापासून सप्टेंबरच्या अखेरपर्यंत, दर रविवारी दोन, दुपारी 12 आणि 4 वाजता. तिकीट नाही. कार्यक्रम शोपेनचा आणि वाजवणारे नामवंत पियानिस्टसुद्धा असतात आणि नवीन पोरंही. पुतळ्याला काम मिळालं, मला हेच म्हणायचंय. पुतळा नुसता बघायची वस्तू राहिला असता तर कॉपी आहे का ओरिजिनल हा प्रश्न दर वेळी पडला असता. पण ज्याच्यापाशी बसून तुम्ही संगीत ऐकता तो पुतळा भिंतीसारखा, वडाच्या पारासारखा होतो, पार नवीन बांधलाय का जुना हे कोण विचारतं, बसायला कोण येतं ते महत्त्वाचं.

मी दोन रविवार गेलो. पहिल्यांदा उशीर झाला, बाकं भरली होती, मग गवतावर बसलो आणि ती जागा जास्त चांगली निघाली. पियानोवर आडोसा आहे, आवाज स्पीकरवरून येतो, तेव्हा हॉलमधल्या पियानोसारखा नाजूकपणा मिळत नाही हे खरं, फार हळू स्वर असले की रस्त्यावरची बस मध्ये येते, एका नॉक्टर्नमध्ये (शांत, हळवी पियानो रचना) तर ॲम्ब्युलन्स गेली. जाणकारांना हे चालणार नाही कदाचित. पण माझ्या शेजारी एक आजोबा डोळे मिटून गुडघ्यावर बोटं वाजवत होते, प्रत्येक स्वर माहीत असल्यासारखी, आणि समोर एक लहान पोरगी तळ्याच्या कडेने माझुर्काच्या ठेक्यावर गिरक्या घेत होती. शोपेनने तो ठेका खेड्यातल्या नाचावरून घेतला होता, पॅरिसच्या दिवाणखान्यातून तो परत पोराच्या पायात आला. दुसऱ्या रविवारी लवकर गेलो, बाकावर बसलो, जास्त नीट ऐकू आलं, पण मजा पहिल्या वेळचीच.

ह्या प्रकरणाला लागून दोन गोष्टी. पुतळा वॉर्सात नव्हता तेव्हा, 1944 मध्ये, पोलिश लोकांनी ब्राझीलमध्ये रिओला शोपेनचा वेगळा पुतळा उभारला, आउगुस्त झामोयस्कीने केलेला. आणि जपानमधल्या हामामात्सु शहरात, जिथं पियानो बनवायचे मोठे कारखाने आहेत, वॉर्साच्या पुतळ्याची त्याच मापाची प्रतिकृती आहे. 2007 पर्यंत वॉर्साचा पुतळा जगातला सगळ्यात उंच शोपेन होता, मग शांघायमध्ये त्याहून उंच झाला. उंचीने काही फरक पडला असं मला दिसलं नाही.

आणि आमच्या कोल्हापूरचं थोडं, कारण त्याच्यामुळेच मी वॉर्साला गेलो. 1940 च्या सुमारास पूर्व पोलंडमधून सोव्हिएत राजवटीने उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानात टाकलेल्या माणसांपैकी जवळपास 5000 जण, जास्त करून बायका आणि मुलं, इराणमार्गे कोल्हापूरजवळ वळिवड्याला येऊन राहिली, 1943 ते 1948. नंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि आजचं गांधीनगर झालं. आमची आज्जी त्या पोलिश बायकांबद्दल सांगायची, बाजारात मराठीत भाव करायच्या म्हणून. त्यांच्यातल्या कितीतरी जणांची गावं युद्धानंतर सोव्हिएत हद्दीत गेली, त्यामुळे त्यांना घरी परत जाताच आलं नाही, कुणी इंग्लंड, कुणी ऑस्ट्रेलिया. शोपेनसारखंच. कोल्हापुरात महावीर गार्डनमध्ये त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे, 1998 चा, आणि वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. मी आधी तिथं गेलो आणि मग पार्कमध्ये.

महावीर गार्डनमधल्या स्तंभाजवळून मी लहानपणी शेकडो वेळा गेलोय आणि तो कशाचा आहे हे मला कॉलेजला जाईपर्यंत माहीत नव्हतं. कुणाची चूक काढायची म्हणून हे लिहीत नाही. पण वॉर्साहून आल्यावर मला फार वाटायला लागलं की वर्षातून एक रविवार तरी तिथं कुणीतरी बसून काहीतरी वाजवावं, माझुर्का वाजवा, नाहीतर पेटीवर आपलं काहीही वाजवा, आणि शेजारी एका माणसाने वळिवड्याची गोष्ट सांगावी. पियानो नसेल तर कीबोर्ड चालेल. मी दोन-तीन मित्रांशी बोललोय, एकाची मुलगी पियानो शिकते, ती तयार आहे.

वॉर्साला जाणार असाल तर रविवार धरून जा. बाराच्या कॉन्सर्टला साडेअकराला पोचा, बसायला चादर घ्या, टोपी घ्या, तळ्याच्या बाजूला सावली कमी आहे. आणि एक कॉन्सर्ट ऐकून उठू नका, मधल्या वेळात खाली राजवाड्यापर्यंत चालत जाऊन या, चारला परत या, तेव्हा ऊन पुतळ्याच्या दुसऱ्या बाजूला गेलेलं असतं आणि झाडाची बोटं सकाळपेक्षा स्पष्ट दिसतात.